मासा असेपर्यंत

रामचंद्रनं शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली, शिडीच्या वरच्या पायरीवर धड असलेला गुडघा टेकवला आणि हात टाकीत घातला. बुवा खालून सावकाश वर आला. त्याच्या पाठीचा रुंद, करडा-पितळी उंचवटा तळहाताला लागला तसा रामचंद्रनं श्वास रोखून धरला.

"बस, ऐसे ही रखो," काचेच्या पलीकडून माशांच्या डॉक्टर सायरा म्हणाल्या. हातातल्या बॅटरीचा झोत त्यांनी माशाच्या कल्ल्यामागे धरला. "अब थोडा इधर घुमाओ. हाँ."

बुवा शहाण्यासारखा वळला. मीटरभर लांबीचं ते धूड, पण वळलं ते पाणी न हलवता. इंग्रजीत ह्या जातीला म्हशीचं नाव आहे, म्हणून पॅन्ट्रीतली पोरं त्याला भैंस म्हणत. रामचंद्रनं मात्र पहिल्या दिवसापासून त्याला बुवाच म्हटलं होतं, कारण खाताना तो ओठ असे पुढे काढून तोंड उघडायचा, की गावच्या देवळात आलाप लावणारे भजनीबुवा आठवावेत. चावणं नाही, फाडणं नाही. नुसतं पाणी ओढायचं, त्यातलं बारीकसारीक गाळून घ्यायचं आणि उरलेलं कल्ल्यांतून सोडून द्यायचं. असा हा निरुपद्रवी जीव, आणि त्यानं एका माणसाला इतकी वर्षं बांधून घालावं!

"दाग कब से हैं?"

"रमजान के पहले से, मॅडम. पहले काला आया, फिर ये नारंगी. दुकानवाला बोला, बीमारी है, दवा डालो."

"डाली?"

"नहीं. डर लगा."

भीती वाटली हे खरं होतं. कसली वाटली, ते त्यानं सांगितलं नाही. सांगणार तरी काय? औषध लागू पडलं तर, अशी एक भीती. आणि न पडलं तर, अशी दुसरी. गेले कित्येक दिवस दोन्ही भीत्या त्याच्या पोटात एकमेकींना ढकलत होत्या. पहाटे उठल्याउठल्या तो पायात चपला न घालता हॉलमध्ये यायचा, टाकीतला दिवा लावायचा आणि बुवा कुठल्या कुशीवर पडलाय का ते बघायचा. तो नीट पोहताना दिसला की हायसं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी मन खट्टू व्हायचं. मग स्वतःचीच लाज वाटून तो दिवसभर त्या माशाची जास्तीची सेवा करत राही.

गोष्ट तशी साधी होती. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ह्या काचेच्या फॅक्टरीत रामचंद्र हेल्पर म्हणून आला, तेव्हा पोरसवदाच होता. संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीवरून आलेला, अंगात बैलाची ताकद. एक दिवस काचा उभ्या करून ठेवायची लोखंडी चौकट कलंडली आणि त्याचा डावा पाय तिच्याखाली गेला. दुसरा कुणी मालक असता तर त्यानं तिकीट हातात ठेवून घरी पाठवलं असतं, आणि त्यात कुणाला वावगंही वाटलं नसतं. पण इथले मालक, बडे अरबाब, वेगळे. ते स्वतः हॉस्पिटलात येऊन त्याच्या खाटेशी बसले, आणि पाय जरा टेकायला लागल्यावर त्याला हॉलमधल्या टाकीपुढे उभं करून म्हणाले, "आज से ये तुम्हारा काम." तरुणपणी ते अमेरिकेत शिकायला होते. तिथल्या नदीकाठच्या ज्या घरात राहिले, त्या घराच्या तळ्यात ह्या जातीचे मासे होते, म्हणून हा त्यांनी पुढे मुद्दाम मागवून घेतला होता. दुपारी सगळे जेवायला गेले की म्हातारा खुर्ची ओढून टाकीपुढे बसायचा, आणि दोघं न बोलता मासा बघत.

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलात असताना बड्या अरबाबांनी रामचंद्रला बोलावून घेतलं. हात हातात घेतला. "जब तक ये मछली है, तब तक रुकना," एवढंच म्हणाले. रामचंद्रनं छातीवर हात ठेवून हो म्हटलं. त्यात जड काय होतं? गावच्या नदीत जन्म गेलेला माणूस तो. मासा म्हटला की जगून जगून जगणार किती? चार वर्षं, फार तर पाच. तेवढी काढू आणि मोकळ्या मनानं घरी जाऊ. खाल्ल्या मिठाला जागलो म्हणायला होईल.

ती चार-पाच वर्षं होऊन गेली. त्यानंतरही बरीच गेली. मुलीचं, रुपालीचं, लग्न झालं, त्याला तो पाहुण्यासारखा जाऊन आला. आणि आता हे डाग आले होते. त्यानं जबल अलीच्या बाजारातून एक भली थोरली बॅग आणली होती. दोन जाड ब्लँकेटं, खजूर, शेजारपाजाऱ्यांसाठी अत्तराच्या कुप्या, असं एकेक करून ती भरत आली होती. बायकोला, कावेरीला, फोनवर तो सांगून बसला होता, "आता फार नाय गो. ह्या गणपतीला मी घरात."

डॉक्टरबाईंनी बॅटरी विझवली आणि हातमोजे काढले.

"मुबारक हो. कुछ नहीं हुआ है इसको."

"फिर दाग?"

"उम्र के हैं. जैसे बूढ़े लोगों के हाथ पे आते हैं, वैसे." त्यांनी काचेवर टिचकी मारली. "जब तुम्हारे पास आया था, तब कितना बड़ा था?"

"इतनाही. थोडा कम होगा."

"मतलब तब भी बच्चा नहीं था. आज साठ का होगा, सत्तर का. अस्सी भी हो सकता है."

रामचंद्रला हसू आलं. "साल, मॅडम?"

"नहीं, हफ्ते!" डॉक्टरबाई मोठ्यानं हसल्या. "साल, भाई, साल. इस जात की मछली सौ के ऊपर भी मिली है. और मज़े की बात, बुढ़ापे में इनकी तबीयत बिगड़ती नहीं, उलटा अच्छी रहती है. तुम बस ऐसे ही सँभालो. तुम्हारे पोते भी इसको खाना खिलाएँगे, इन्शाल्ला."

रिसेप्शनवरच्या रिद्धीनं टाळ्या वाजवल्या. अल बर्शाहून रोज येणारी ही मुंबईची मुलगी. डॉक्टरबाईंना शोधून काढलं होतं ते तिनंच. "काका, बघा! मी म्हटलं नव्हतं, टेन्शन घेऊ नका? ही इज परफेक्टली फाइन! आता पार्टी पाहिजे हां."

"देऊ की," रामचंद्र म्हणाला.

त्याचा हात अजून पाण्यातच होता. बुवानं ओठ पुढे काढून त्याच्या बोटांभोवतीचं पाणी ओढून बघितलं, आत काही नाही म्हणून सोडून दिलं, आणि तो परत तळाशी गेला.

त्या दिवशी रामचंद्रचं बूड एका जागी ठरेना. सकाळीच धुतलेला फिल्टर त्यानं परत उघडून धुतला. पंपाला कान लावून ऐकलं. आवारात जाऊन आला, तर बाहेर ऊन असं की पत्र्याकडे बघवेना, म्हणून पुन्हा आत आला. जेवणाचा डबा उघडला, भात कालवला आणि तसाच झाकून ठेवला. पॅन्ट्रीतला झुबेर म्हणाला, "रामभाई, भैंस ठीक है, अब तुमको क्या हुआ?" तर त्याच्यावर उगीच खेकसला. झुबेर बिचारा गप्प झाला आणि त्याच्यापुढे सुलेमानी चहाचा ग्लास ठेवून निघून गेला.

सौ के ऊपर. हे शब्द डोक्यातून जाईनात. ह्या हिशेबानं बुवा त्याला पोचवून वर अजून राहणार होता. वचन देताना माणसानं निदान विचारावं तरी, बाबा रे, तुझं आयुष्य किती? आणि बडे अरबाब? त्यांना ठाऊक असणारच. एवढा शिकलेला माणूस, त्यानं जाणूनबुजून असा फास घालावा? हा विचार मनात आला तसं रामचंद्रनं स्वतःच्या थोबाडीत हलकेच मारून घेतलं. ज्या माणसानं आपल्या खाटेशी बसून आपल्याला सूप भरवलं, त्याच्याबद्दल असं मनात आणायचं?

संध्याकाळी स्टाफच्या खोलीत कॉटखालची बॅग त्याच्या पायाला लागली. ती आत सारून त्यानं कावेरीला फोन लावला. ती मागच्या पडवीत बसून कुळीथ निवडत होती. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला, त्यामुळे तिची हनुवटी आणि सूप तेवढं दिसत होतं.

"आली होती का ती डॉक्टरीण?" तिनं विचारलं.

"आली होती. डाग म्हातारपणाचे आहेत म्हणाली. आजार नाय."

"बरं झालं की मग."

"बरं काय झालं, कप्पाळ! ऐकून तरी घे. हा मासा शंभर वर्षं जगतो म्हणे. शंभर!"

आता ही रडेल, निदान कपाळाला हात तरी लावील, म्हणून तो थांबला. कावेरीची बोटं सुपात फिरत होती. तिनं एक खडा उचलला आणि बाजूला टाकला.

"होय," ती म्हणाली.

"होय काय?"

"जगतो, म्हणून म्हटलं. रुपालीनं मागंच बघितलं होतं मोबाईलवर. तिचं लग्न ठरायच्याही आधी."

रामचंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं फोन कानाजवळ नेला, मग परत समोर धरला. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नायस?"

आता मात्र कावेरीनं सूप खाली ठेवलं. फोन उचलून हातात घेतला. तिचा चेहरा पूर्ण दिसला तेव्हा तो रागावलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "अहो, मासा तुमच्या हाताखालचा. तुम्ही त्याला भरवता, त्याचं पाणी बदलता, त्याच्यासाठी पहाटे उठता. तुम्हालाच ठाऊक नसंल असं मला कसं वाटावं?"

"मग काय वाटलं तुला?"

पडवीबाहेर कुणाची तरी कोंबडी कलकलली, तिला तिनं हाऽड म्हणून हाकललं.

"वाटलं, तुम्हाला यायचं नाय," ती म्हणाली. "सरळ नको म्हणायला माणसाला जड जातं. म्हणून माशाचं नाव पुढं करताय, असं वाटलं."

"कावेरी! तोंड सांभाळून बोल!"

"मी काय भांडत्येय का? भांडायचं होतं तेव्हा नाय भांडले, आता कशाला?" तिचा आवाज जरासाही चढला नाही. "रुपाली म्हणाली, आई, बाबांना विचार. म्हटलं, नको गो. विचारलं आणि खरंच नाय म्हणाले तर? त्यापेक्षा मासा बरा. लोकांना सांगायला तरी येतं, आमचे हे माशापायी अडकलेत. हसतात लोक, हसू देत."

"मला खरंच ठाऊक नव्हतं," रामचंद्र म्हणाला. "आईशप्पथ, कावेरी."

"बरं," कावेरी म्हणाली. पण ते 'बरं' विश्वास ठेवल्याचं नव्हतं, विषय मिटवल्याचं होतं. "कुळीथ राहिलेत. ठेवू?"

फोन ठेवल्यावर रामचंद्र कॉटच्या कडेला बसला. मग त्यानं तोच फोन उघडला आणि रिद्धीनं कधीतरी कागदावर लिहून दिलेलं माशाचं इंग्रजी नाव एकेक अक्षर शोधत टाकलं. अर्धं नाव टाकतो न टाकतो तोच बुवाचा भाऊबंद वाटावा असा मासा पडद्यावर आला. कुणी परदेशी माणूस त्याला दोन्ही हातांत पेलून हसत उभा होता, आणि त्याच्या कल्ल्यामागे केशरी डाग होते. किती सोपं होतं! दिवसभर ह्याच फोनवर तो भजनं ऐकायचा, गावचे क्रिकेटचे सामने बघायचा, पावसाचा अंदाज बघायचा. हे एक नाव तेवढं इतक्या वर्षांत त्याच्या बोटांना सुचलं नाही.

का सुचलं नाही? गावाला जाऊन तो करणार काय होता? लंगडा पाय घेऊन नांगर धरणार होता? चार दिवस सगळे दुबईवाले म्हणून मान देतील, पाचव्या दिवशी कुणी विचारणार नाही. इथं निदान टाकी होती, पंप होता, लोक नावानं हाक मारत होते. म्हणजे कावेरी म्हणत होती ते खोटं होतं, पण पुरतं खोटं नव्हतं. हे कळलं तेव्हा रामचंद्रला त्या माशाचा नव्हे, स्वतःचा इतका राग आला की त्यानं कॉटखालची बॅग ओढून बाहेर काढली आणि खोलीच्या मधोमध उभी करून ठेवली. मनाशी म्हणाला, उद्या काय व्हायचं ते होऊ दे. वचन मोडल्याचं पाप लागलं तर लागलं.

दुसरा दिवस शुक्रवार. नमाजाआधी ऑफिस सुटायची घाई, म्हणून रामचंद्र सकाळीच वरच्या मजल्यावर गेला. छोटे अरबाब, म्हणजे बड्यांचे चिरंजीव, कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होते. त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली. रामचंद्र बसला नाही.

"बोलो, रामचंदर," फोन संपवून ते म्हणाले. "मछली ठीक है ना? रिद्धी ने मेसेज किया."

"ठीक है, अरबाब. बहुत ठीक है." रात्रभर जुळवलेली वाक्यं पार विस्कटली होती. "अरबाब, मुझे माफी मांगने का है. मैंने बडे अरबाब को जबान दिया था. मछली है तब तक रुकेगा बोला था. लेकिन मछली तो... मेरे से जास्ती जिएगी. मेरा घर है. बीवी है. मेरे से नहीं होगा, अरबाब. मुझे छोड दो."

छोटे अरबाब त्याच्याकडे बघतच राहिले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं, ते अर्ध्यावरच थांबलं.

"बाबा ने तुमको ऐसा बोला था? मछली है तब तक रुकना?"

"हाँ."

"कब?"

"हॉस्पिटल में. जाने के पहले."

छोटे अरबाब खुर्चीत बसले. टेबलावरची तसबीह त्यांनी उचलली, दोन-तीन मणी सारले आणि पुन्हा ठेवून दिली.

"मुझे भी उधर ही बोला था," ते म्हणाले. "बोला, जब तक रामचंदर है, मछली को मत निकालना. उसका पाँव हमारी फॅक्टरी ने लिया है. मछली जाएगी तो वो दूसरा काम माँगेगा नहीं. शरम से चला जाएगा."

रामचंद्रनं समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरली.

"मेरी बीवी कितने साल से बोलती है, ये टाकी निकालो, हॉल नया बनाओ. वो बडे अॅक्वेरियमवाले तीन दफा आए. उनके पास नदी जैसा तालाब है, इसके जैसी दूसरी मछली भी है. मैं बोला, नहीं हबीबी, नहीं दे सकता. उसका आदमी है." छोट्या अरबाबांनी कपाळ चोळलं. "तुमने मुझसे कभी पूछा क्यों नहीं?"

"आपने भी नहीं पूछा, अरबाब."

असं मालकाला कुणी तोंडावर बोलत नाही. बोलून गेल्यावर रामचंद्रनं मान खाली घातली. पण छोटे अरबाब रागावले नाहीत. ते उठून हॉलकडच्या खिडकीशी गेले. खाली हॉलमध्ये ती टाकी दिसत होती, आणि टाकीत बुवा ह्या काचेपासून त्या काचेपर्यंत सावकाश जात होता, तिथून वळून परत येत होता. इतक्या वर्षांत त्याला ह्याहून लांब जायला मिळालेलं नव्हतं, हे रामचंद्रच्या आजच मनात आलं. त्याला भडभडून आलं. आपण दोघांनी मिळून, नुसत्या चांगुलपणापायी, ह्या मुक्या जीवाला केवढं कोंडून ठेवलं!

"खलास," छोटे अरबाब पाठमोरेच म्हणाले. "मैं उनको आज ही फोन करता हूँ. मछली तालाब में जाएगी. और तुम..." ते वळले. "घर जाना है तो जाओ, इज्जत से भेजूँगा. रुकना है तो मछली के बिना भी काम है तुम्हारे लिए. बाबा की बात नहीं, मेरी बात. जो दिल बोले वो करो."

रामचंद्र जिना उतरून खाली आला. इतके दिवस वाटत होतं, कुणी सोडलं की आपण सुटलेल्या बैलासारखे पळत सुटू. सोडलं तर होतं, आणि तो मात्र हॉलच्या मधोमध उभा होता, कुठं बघावं ते न कळून. आता माशाचं नाव पुढं करायची सोय उरली नव्हती. जायचं तर आपल्या पायांनी जायचं, राहायचं तर आपल्या तोंडानं सांगून राहायचं.

"काका, आर यू ओके?" रिद्धीनं विचारलं. "पाणी देऊ?"

"नको गं पोरी. फोन करायचाय जरा घरी."

तो बाहेर आला. फॅक्टरीच्या भिंतीला दुपार होईस्तोवर हातभर सावली असायची, तिथं पाठ टेकून उभा राहिला. गल्लीतून कंपनीची बस गेली, तिची गरम हवा तोंडावर आली. त्यानं कावेरीला व्हिडिओ लावला. एकदा वाजून बंद झाला. काल रुसली असेल, असं मनात आलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं उचलला, पण चेहऱ्याऐवजी आधी छत दिसलं, मग कपड्यांचे गठ्ठे, मग तिचा अर्धा चेहरा. मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती.

"थांब गो सविता, जरा थांबव. ह्यांचा फोन आहे," ती कुणाला तरी म्हणाली. घरघर थांबली. "ह्या वेळी कसा केलात? बरं आहे ना?"

"बरं आहे. कावेरी, ऐक. मी येतोय."

कावेरीनं हातातलं कापड खाली ठेवलं.

"मासा दुसरीकडे जातोय. मोठं तळं आहे तिथं. अरबाबांनी मला मोकळं केलंय. काल तू म्हणालीस ते... ते मी रात्रभर घोळवलं. मला यायचंय, कावेरी. माशाचं काय नाय. मला यायचंय."

त्यानं हे एका दमात सांगितलं. शेवटच्या शब्दांना त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं पुसले नाहीत. कावेरीनं फोन जरा लांब धरला, बहुतेक स्वतःचे डोळे दिसू नयेत म्हणून. त्यामुळे तिच्यामागची खोली त्याला नीट दिसली. ही त्यांची पुढची खोली. "थोडं शिवणकाम करत्ये, वेळ जातो," असं ती कधीमधी म्हणायची, आणि तो बरं म्हणायचा. तिथं दोन यंत्रं होती. एकावर वाडीतली कुणी बाई मान खाली घालून बसली होती. निळ्या-पांढऱ्या शाळेच्या गणवेशांच्या चवडी भिंतीला छातीएवढ्या लागल्या होत्या. खिडकीखाली, जिथं त्याची खाट असायची, तिथं दुसरं, मोठं यंत्र होतं, त्याच्यावर दिवा टांगलेला. कावेरीच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती. किती वेगळी दिसत होती ती! कुणा दुकानाची मालकीण दिसावी तशी.

"बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. आवाज ओलाच होता, पण चेहऱ्यावर हसू आलं होतं, आणि ते खरं होतं. बऱ्याच वर्षांत त्यानं ते तसं बघितलं नव्हतं.

"खरंच?"

"खरंच हो. या." तिनं नाक ओढलं, टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली आणि पाहुणे येणार म्हटल्यावर घरची बाई बघते तशी खोलीभर नजर फिरवली. "मग खाट माळ्यावरून खाली काढायला हवी. तुम्हाला खिडकीखालीच लागते. तिथलं मोठं मशीन आत न्यावं लागंल. आत उजेड नाय, पण सविताला सांगत्ये, काढू कसंतरी."

ती उठून यंत्रापाशी गेली. त्याच्या लाकडावर तळवा ठेवून तिनं जड आहे का ते हलवून बघितलं, आणि मग सहज, नेहमीच्याच आवाजात तिनं विचारलं,

"किती दिवसांसाठी हलवू?"